खाज माझी, पथ्य वहिनीचं

फोन आला तेव्हा मी मागच्या दारी बसून सुंगटं सोलत होते. पावसाचे दिवस, समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे नदीतली बारीक सुंगटं (कोळंबी) घेऊन दारावर आलेल्या बाईला मी जवळजवळ मिठीच मारली होती. हात वासाचे, म्हणून माझ्या नातीनं, मितालीनं, फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे मोरजीहून माझा भाचा नंदू होता. "आत्ये, आई गेली. सकाळी चा घेतली, बरी होती, मगे म्हणाली जरा आडवी होतंय..." पुढचं मी ऐकलं नाही. फोन कट झाला तरी मिताली तो माझ्या कानाला धरून उभीच. "आजी, कितें जालें?" मी म्हटलं, "मोरजीची आजी गेली." तिनं फोन खाली ठेवला. मग पंधरा वर्षांची मुलंच विचारू शकतात तसं सरळ विचारलं, "म्हणजे ती चवथीक येवची ना?"

सुंगटं शेजारी देऊन टाकली. साठेक वर्षांमागे माझ्यापायी वहिनीची, म्हणजे नंदूच्या आईची, सुंगटं सुटली होती; जाताना तिनं माझी सोडवली. हे वाक्य तिला ऐकवलं असतं तर पोट धरून हसली असती. तेच तर आता व्हायचं नाही...

वहिनी आता चतुर्थीला येणार नाही का, या मितालीच्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न होता आणि तो मला ठाऊक होता. आमच्या मये गावात, आमच्या वाड्यावर, चतुर्थीला मुलींच्या फुगड्या होतात. मिताली लहानपणापासून त्यांत असायची. गेल्या वर्षी तिनं ते सोडलं, कारण तिच्या हातांवर, कोपरांच्या आत, मानेवर खाजरे सुके चट्टे उठलेले आणि फुगडी हात धरल्याशिवाय होत नाही. तिला त्या मुलींमध्ये परत नेण्याचं काम वहिनीनं स्वतःकडे घेतलं होतं. चतुर्थीला येऊन ती पहिल्या खुर्चीवर बसणार होती. आता ती खुर्ची रिकामी, म्हणून मितालीनं लगेच निकाल लावला, "मग हांवूय वचना." म्हणजे तीही जाणार नाही.

वहिनीनं हे काम का घेतलं ते सांगायचं तर मला माझ्या खाजेपासून सुरुवात करावी लागेल. माझी खाज नातीच्या खाजेहून जुनी आणि पुष्कळ जास्त नखरेल.

पंधराव्या वर्षी मी स्वतःला मोरजीतली सर्वांत देखणी मुलगी समजत असे. त्या वयाच्या मुली आमच्या वाड्यावर मोजक्याच होत्या, त्यामुळे स्पर्धा फारशी नव्हती. नाक बरं, केस लांब, चालणं तर असं की जणू मागून कुणी आरसा घेऊन येतंय. फक्त कोपरांच्या आतल्या घडीत, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर खरखरीत चट्टे. थंडीत तिथली कातडी तडकायची, उन्हाळ्यात घामानं चुणचुणायची. वर्गात मास्तर फळ्याकडे वळले की मी बाकाच्या कडेला कोपर घासत असे. ते घासणं इतकं गोड लागे की डोळे मिटायचे, आणि पुढच्या क्षणी अशी आग व्हायची की उघडायचे. मैत्रिणींना सांगितलं होतं, अंगावर तापलेलं दूध सांडलं. दोन्ही कोपरांवर आणि दोन्ही गुडघ्यांच्या मागे अगदी सारख्या जागी दूध कसं सांडलं, हे एकीनंही विचारलं नाही. भूमितीत त्या माझ्याइतक्याच हुशार होत्या.

घरात प्रत्येकाजवळ एक उपाय. आजीचा कडुनिंबाच्या पाल्याचं कढत पाणी, वडिलांचा गंधकाची पूड तेलात कालवून. ती लावली की माझ्या अंगाला फटाक्यांचा वास यायचा. आई आधी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायची आणि मग नारळाच्या सोडणानं घासून न्हाऊ घालायची. मळ निघाला की खाज निघाली, असं तिचं साधं गणित. मी या सगळ्यांहून शहाणी. मी ठरवलं, एवढा समुद्र दाराशी आहे तो कशासाठी? एका सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन अंगाला रेती चोळली, खारट पाण्यात बसले, मग उन्हात वाळत बसले. घरी आले ती खारवलेल्या बांगड्यासारखी हात-पाय न वाकवता चालत. रात्रभर आईनं वारा घातला आणि वारा घालता घालता बोलली ते इथं छापता येणार नाही. घरच्यांनी एकमतानं याला नायटा ठरवलं होतं, त्यामुळे माझा तुवालो वेगळा, चटई वेगळी, कंगवा वेगळा. तो वेगळेपणाही मी जरा मिरवूनच घेतला. राजकन्येचंही सगळं वेगळं असतंच की.

अशा घरात वहिनी लग्न होऊन आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. तिचं माहेर साखळीच्या पलीकडे, समुद्रापासून लांब. तिकडे त्या काळी मासळी पोचायची ती बर्फात दिवस काढून, डोळे पांढरे झालेली. मोरजीला आली आणि रापणीचं जाळं ओढल्यावर रेतीवर उड्या मारणारे बांगडे तिनं पाहिले, तेव्हा ती लाजणं विसरून म्हणाली, "गो बाय, हे तर जित्ते." त्या दिवसापासून ती जेवणाच्या वेळेची वाट पाहायची ती आम्हा सगळ्यांच्या वर. सुंगटांचं हुमण, म्हणजे कालवण, असलं की भात कमी पडायचा.

नेमकं त्याच सुमारास कुणा पाहुणीनं आईला सांगितलं की ही खाज मासळीनं वाढते. आईनं त्याच दुपारी फर्मान काढलं. सुंगटं बंद, बांगडा बंद, तारली बंद, आणि वर वांगंही बंद. मोरजीत नुस्तं, म्हणजे मासळी, बंद झाली तर पुढ्यात उरतं काय? भात, डाळ, लोणचं आणि समोरच्याच्या ताटातला वास. पहिल्या दिवशी मी भातावर डोळ्यांतलं पाणी ओतून जेवले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आई वहिनीला हुमण वाढायला गेली तर वहिनीनं ताटावर हात आडवा धरला.

"माका नाका. माकाय खाज येता."

"तुका? खंय?"

वहिनीनं लुगडं घोट्यावरून बोटभर वर केलं. "हंय."

तिथं डास चावल्याची एक लाल टिकली होती. आईनं त्या टिकलीकडे बराच वेळ पाहिलं. मग मुकाट्यानं हुमणाचं भांडं पुढं नेलं.

तेव्हापासून आम्ही दोघी जोडीनं शिवराक, बिनमासळीच्या. कोपऱ्यात दोन ताटं लागायची. वहिनी पापड असा चावायची की जणू तळलेली मोरी मासळी खातेय, आणि माझ्या कानाशी कुजबुजायची, "आजचो बांगडो शिळो वाटता, बरां झालां आमी खाल्लो नाय." समोर दादा, म्हणजे माझा भाऊ, बांगड्याचं डोकं चोखत असायचा, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. तिकडे तिच्या माहेरी बातमी गेली की मोरजीचं पाणी मुलीला मानवत नाही, ती नुस्तं खात नाही. तिचे वडील काळजीनं बघायला आले आणि येताना साखळीच्या बाजारातली भाजी पिशवी भरून घेऊन आले. वहिनीनं ती भाजीही हसत चिरली.

आता माझी अक्कल ऐका. मला खरंच वाटत होतं की तिलाही खाज येते. एवढंच नव्हे, मला थोडा रागही यायचा. या घरातली खाजेची मालकीण मी, ही मध्येच कुठून आली? मी तिला चट्टे दाखवून सांगायची, माझं बघ किती मोठं, तुझं काय, एवढंसं. ती गंभीर तोंड करून म्हणायची, "तुझी सर माका खंय येतली?" कुणी आपल्यासाठी घास सोडतंय हे कळायला पंधरा हे वय फार तोकडं असतं.

पावसाळा गेला, थंडी पडली, नुस्तं बंदच, आणि खाज पहिल्याहून जास्त. शेवटी वहिनीनंच दादाच्या मागे लागून मला म्हापशाच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं आणि स्वतःही बरोबर आली. डॉक्टर म्हातारे होते, कमी बोलणारे. चट्टे पाहिले, नखं पाहिली, मग विचारलं, "नुस्तं खाल्ल्यावर वाढतं?"

"आम्ही खातच नाही," मी मानेला झटका देऊन म्हटलं.

"कधीपासून?"

"गणपतीच्या चवथीपासून."

"मग कमी झालं?"

"नाही. वाढलं."

"मग बिचाऱ्या बांगड्याचा गुन्हा काय?" ते म्हणाले आणि वहिनीकडे वळले. "तुम्हालाही आहे म्हणता. दाखवा."

वहिनीनं खाली बघत सांगितलं, "माका डास चावललो."

त्या दवाखान्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके महिने. ताज्या सुंगटांच्या गावात. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाळाकडे फार लक्ष देऊन पाहत होती.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते आजही तसंच खरं आहे, म्हणून लिहिते. हा नायटा नाही. नायटा गोल कड धरून वाढत जातो आणि टॉवेल-कपड्यांतून दुसऱ्याला लागतो. हे इसब. तुमच्याकडे कुणाला दमा आहे का, असं त्यांनी विचारलं. वडिलांचा दमा सगळ्या वाड्याला ऐकू यायचा. सकाळी उठल्यावर कुणाला शिंका? दादा कसनुसा हसला. "मग हे त्यांचंच भावंड," डॉक्टर म्हणाले. काही घराण्यांची कातडीच अशी असते, पाझरणाऱ्या मडक्यासारखी, तिच्यात ओलावा टिकत नाही. ती सुकते, सुकली की खाजते, खाजवलं की तडकते, तडकली की साबण, घाम, लोकर, धूळ, सगळं तिला झोंबतं आणि ती आणखी खाजते. वर आम्ही सोडणानं घासून, कढत पाण्यानं आणि कपड्यांच्या साबणानं उरलासुरला ओलावाही काढून घेत होतो. घासणं बंद, गंधक बंद, पाणी कोमट, न्हाणं आटोपशीर. अंग रगडून पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच तेल लावायचं. नखं कापायची. लाल झालेल्या जागेपुरतं थोडे दिवस मलम. "कायमचं जाईल असं मी सांगणार नाही," ते म्हणाले, "येईल, जाईल. मोठेपणी बहुतेकांचं निवतं."

"आणि नुस्तं?" वहिनीनं विचारलं. सबंध वेळात तिनं विचारलेला हा एकच प्रश्न.

"पोटभर," डॉक्टर म्हणाले.

परतताना ती दादाला थांबवून थेट म्हापशाच्या बाजारात घुसली आणि पिशवीभर सुंगटं घेऊन आली. मोरजीच्या माणसानं म्हापशाहून मासळी आणायची म्हणजे समुद्राची बेअब्रू. दादा तिला त्यावरून आयुष्यभर चिडवायचा. ती म्हणायची, "वाटेत माझो जीव गेल्लो तर?"

पुढं माझे चट्टे खरंच निवत गेले. लग्न होऊन मी मयेला आले. मधूनमधून, थंडीत किंवा एखाद्या काळजीच्या दिवसांत, कोपराची घडी जुनी ओळख दाखवायची. वहिनीचं आणि माझं नातं मात्र नणंद-भावजयीच्या हिशेबात कधी बसलंच नाही. मोरजी बदलली, किनाऱ्यावर परदेशी माणसं दिसू लागली. एकदा आम्ही दोघी संध्याकाळी फिरायला गेलो होतो तर एक गोरी पोर रेतीवर बसून कराकरा हात खाजवत होती. कोपरात तेच आमचे चट्टे. वहिनी थांबली. भाषेचा एक शब्द सामायिक नाही, पण तिनं त्या पोरीचा हात धरून, मान हलवून, खाजवायचं नाही, न्हायचं, टिपायचं, तेल लावायचं, असा सगळा म्हापशाचा दवाखाना हातवाऱ्यांनी करून दाखवला. पोरीला काय समजलं देव जाणे, तिनं उठून वहिनीबरोबर फोटो काढून घेतला. वहिनी घरी येईपर्यंत तोऱ्यात. "बघ, माजी दवा आता विमानान जातली."

आता मिताली. ती माझ्या मुलाची मुलगी. तान्ही असताना तिचे गाल लाल व्हायचे, ते आपोआप बरे झाले. तेराव्या वर्षी मात्र सगळं कोपरांत, मानेवर आणि मनगटांवर परत आलं. मी माझा अनुभव सांगायला गेले. पण मी म्हणजे आजी, आणि तिच्या हातात फोन. कुठल्याशा मैत्रिणीनं सांगितलेली ट्यूब तिनं परस्पर मेडिकलमधून आणली. थोड्याच दिवसांत चट्टे गेले. "बघ आजी," ती म्हणाली, आणि मी कबूल करते की मी गप्प बसले. थांबवलं की परत, पहिल्याहून लाल. मग पुन्हा ट्यूब. मानेवर, पापण्यांवरसुद्धा. असं कित्येक महिने चाललं. त्यातच फुगड्यांच्या सरावाला तिची जोडीदारीण सानिका, शेजारच्याच घरातली, तिचा हात धरता धरता थबकली आणि विचारलं, "हें लागता काय गो?" वाईट बुद्धीनं नव्हे, माझी आईसुद्धा तेच समजत होती. पण मितालीनं हात ओढून घेतला तो घेतलाच. तेव्हापासून भर उकाड्यातही लांब बाह्या, त्यांत घाम, घामानं आणखी खाज. दहावी जवळ आली तशी झोप उडाली, आणि झोप उडाली की मुलगी नखांनी रक्त काढायची. मोठी माणसं म्हणतात, नुसती खाज आहे, त्यात काय. ज्यांना खाज नसते ती माणसं.

गेल्या थंडीत वहिनी आमच्याकडे राहायला आली. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती, ती पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र पूर्वीचीच. तिनं मितालीला काही विचारलं नाही. दोन दिवस पाहिलं आणि मला म्हणाली, "शालू, ह्या चेडवाक डॉक्टरकडे कधी नेतंस? का बांगडे बंद करूची वाट बघतंस?" मितालीला घेऊन आम्ही दोघी म्हाताऱ्या डिचोलीला त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण, मितालीच्या मावशीच्या वयाची. तिनं ट्यूब उलटून वाचली आणि बाजूला ठेवली. त्यात तीव्र स्टेरॉइड होतं, वर बुरशीचं आणि आणखी कसलं औषध कालवलेलं. अशी ट्यूब मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होते, आणि सोडली की भडका उडतो. स्टेरॉइड हे वाईट नाही, ती म्हणाली, पण कुठलं, कुठं, किती दिवस हे ठरवायचं असतं. अंगाला तिनं सौम्य दिलं, ते कमी कसं करत आणायचं ते लिहून दिलं; मान आणि पापण्यांसाठी निराळंच. आणि मुख्य म्हणजे बिनवासाचं जाड क्रीम, दोन वेळा, न्हाल्यावर अंग ओलसर असतानाच, कंजुषी न करता. सुती कपडे, त्यांतला साबण नीट खळबळून काढलेला. घाम आला तर साध्या पाण्यानं धुवायचं. चट्ट्यातून पाणी किंवा पू येऊ लागला, पिवळी खपली धरली, ताप आला, तर न थांबता यायचं.

वहिनीनं आपला प्रश्न विचारलाच. "नुस्तां?"

"खाऊ दे की. एखादी गोष्ट खाल्ल्याबरोबर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर सांगा. उगाच बंद करू नका, वाढतं वय आहे."

"आणि ह्या दुसऱ्याक लागता?"

"नाही लागत."

"मोठ्यान सांग बाय," वहिनी म्हणाली, "हिका ऐकू येऊ दे."

डॉक्टरनं खुर्ची पुढं ओढली आणि मितालीच्या डोळ्यांत पाहून परत सांगितलं. नाही लागत. मितालीनं मान खाली घातली. परतीच्या वाटेवर ती वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. इतकी गाढ झोप मी तिला कित्येक दिवसांत लागलेली पाहिली नव्हती.

वहिनी मोरजीला परत गेली ती संध्याकाळचा व्हिडिओ कॉल सुरू करून. पडद्यावर तिचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसायचं. "दाखय," ती म्हणायची. मिताली कोपर कॅमेऱ्याला लावायची. "हां. आता ता दुसरां. मान खंय गेली?" परीक्षेच्या दिवसांतही हे चुकलं नाही. हळूहळू चट्टे फिकट होत गेले, कातडी मऊ पडली. पूर्ण नाही गेले; जातात असं कुणीच सांगितलं नव्हतं. पण लांब बाह्या निघाल्या नाहीत. तेव्हा वहिनीनं चतुर्थीचं फर्मान काढलं, "मी येतंय. पुढच्या खुर्चेर बसतंय. तू फुगडी घातलंस नाय तर तुज्या जाग्यार मी उभी रवतलंय, मगे माजे गुडघे मोडले तर तुका पाप." मितालीनं पहिल्यांदा हसून होकार दिला होता. आणि मग तो सकाळचा फोन आला.

दिवसकार्य आटोपल्यावर मी परत, या वेळी मितालीला घेऊन, मोरजीला जाऊन आले. येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. चतुर्थी तोंडावर आलेली. घरी सुनेचं म्हणणं, आजीची वहिनी गेली आणि ही फुगड्या घालते, असं लोक म्हणतील. सासरी गेलेल्या मुलीला माहेरचं सुतक किती ते मला ठाऊक आहे, आणि नातीला तर तेही नाही. पण खरं सांगायचं तर मलाही जोर उरला नव्हता. नाही गेली तर नाही गेली, असं मनात येत होतं. आणि मग उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून, मी तिला शिवराक ताटांची गोष्ट सांगितली. डासाची टिकली, पापडाची मोरी, म्हापशाचा डॉक्टर, सगळी. ती खिडकीतून वळली.

"म्हणजे तिणें इतले म्हयने नुस्तें सोडलें, आनी तुजी खाज तशीच?"

"तशीच."

"मागीर उपेग कितें जालो?"

बस म्हापसा सोडून पुढं आली होती. "उपयोग काहीच नाही झाला," मी म्हटलं. "फक्त मी कोपऱ्यात एकटी जेवत नव्हते."

डिचोली स्टँड आलं. उतरताना माझी पिशवी घेत म्हणाली, "सराव केन्ना सुरू जाता, सानिकाक विचारूं?"

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, देवळासमोरच्या मांडावर फुगड्या सुरू झाल्या. मी पहिल्या रांगेत बसले. मिताली आखूड बाह्यांचं पोलकं घालून आली. कोपरांच्या घडीत गुलाबी खुणा होत्या, ज्यांना बघायच्या त्यांना दिसत होत्या. घाबरून तिनं निघताना क्रीमचा अख्खा थर थापला होता, हातांना, मनगटांना, तळव्यांनासुद्धा. सानिका समोर आली. दोघींनी हात तिढ्यात धरले, पाय जुळवले, मागे रेलल्या आणि गिरकी घेतली. दुसऱ्या की तिसऱ्या गिरकीला हात सटकले. एक इकडे, एक तिकडे, दोघी दणकन ढुंगणावर. बायका हसल्या. मिताली हसली नाही. ती सानिकाच्या हाताकडे पाहत होती. सानिका आपला तळवा डोळ्यांसमोर धरून निरखत होती, त्यावर पांढरं क्रीम चकाकत होतं. तिचा हात परकराकडे गेला. परकर नवाकोरा होता, तो खराब होईल हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं हात वळवला आणि ते क्रीम आपल्याच कोपरावर चोळलं, इकडचं, मग तिकडचं.

"म्हजेंय कोंपर सुकें पडलां," ती म्हणाली. "तूं हात पूस गो आदीं, ना जाल्यार परत निसरतलीं."

ही गोष्ट मी आयुष्यात फक्त एका माणसाला करताना पाहिली होती. म्हापशाहून आल्यावर वहिनी रोज तिन्हीसांजेला मला मागल्या खोलीत, खिडकीखाली बसवून तेल लावायची. माझे हात झाले, मान झाली, की तळव्यावर उरलेलं तेल ती सावकाश स्वतःच्या हातांना चोळायची, मनगटापासून कोपरापर्यंत, मग गळ्याला. डॉक्टर काहीही म्हणोत, आईच्या मनातून नायटा गेला नव्हता. ती दारातून ओरडायची, "काय करतंस गो ह्या?" वहिनी म्हणायची, "उरलां ता खंय टाकू?" गेल्या थंडीत मितालीला क्रीम लावून झाल्यावरही ती तेच करत होती, सुरकुतलेल्या हातांवर, गप्पा मारता मारता, सहज. तिला शेवटची आंघोळ घालताना नंदूची बायको मला म्हणाली, आत्ये, हात बघ, कसे मऊ...

सानिकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचं कोपर सुकं होतं, एवढंच. मितालीनं हात पुसले. मुलींनी परत तिढा घातला, या वेळी घट्ट, आणि फिरू लागल्या. शेजारची बाई मला म्हणाली, "आज्ये, तुजो गळो भरून आयलो?" मी म्हटलं, "नाही गो, हसतेय." आणि खरंच हसत होते, मोठ्यानं, चारचौघींनी वळून पाहावं इतकं.